स्कुबाच्या बोटीवर लाइफ जॅकेट : उतरताना काढलेलं परत कधी घालायचं?

खाडीकाठ (धागाकर्ती)

सुट्ट्या जवळ आल्या की 'मालवणला स्कुबा कुठे करावं' अशी विचारणा इथे सुरू होते. पॅकेज कितीचं, व्हिडिओ देतात का, पोहता येत नसेल तर चालतं का, हे सगळे विचारतात. मला आणखी एक प्रश्न विचारायचा आहे. किनाऱ्यावरून बोटीत चढल्यापासून परत वाळूवर पाय ठेवेपर्यंत लाइफ जॅकेट तुमच्या अंगावर नेमकं किती वेळ असतं?

नेहमीचा क्रम असा. निघताना नारिंगी जॅकेटं वाटली जातात, फोटो निघतात, बोट सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांपाशी येते. तिथे जॅकेट काढावंच लागतं, कारण ते घालून माणूस पाण्याखाली जाऊच शकत नाही. शिडीला धरून तोंडाने श्वास घ्यायचा सराव होतो, मग प्रशिक्षक मागून धरून खाली नेतो, मासे दाखवतो, वर आणतो. वर आलेला माणूस ओला असतो, दमलेला असतो, नाकातोंडात खारं पाणी गेलेलं असतं, कुणाला मळमळत असतं. वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) सोलून काढून तो टॉवेल शोधतो. त्याचं जॅकेट कुणाच्या तरी पायाखाली किंवा कोपऱ्यातल्या ढिगात. शेवटचा माणूस वर आला की इंजिन सुरू होतं आणि निम्मी बोट जॅकेटाशिवाय परत निघते.

२४ मे २०२२ ला तारकर्लीला स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली. बोटीत वीस पर्यटक होते, त्यातले दोघे गेले. हे परतीच्या वाटेवर झालं, किनाऱ्याजवळ. पावसाळ्यासाठी जलपर्यटन बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते, म्हणजे समुद्राचा रागरंग बदलायचा काळ. त्या अपघाताच्या कारणांवर तेव्हा पुष्कळ लिहून आलं आणि मला ती चर्चा उकरायची नाही. माझ्या मनात राहून गेलं ते 'परतताना' हे.

मी स्वतः प्रशिक्षण घेतलेली डायव्हर आहे आणि माहेर मालवण तालुक्यातलं. माझं म्हणणं असं : स्कुबाच्या बोटीवर जॅकेट काढायची वेळ एकच, आपली पाण्यात उतरायची पाळी आल्यावर. वर आल्यावर टॉवेल हातात घ्यायच्या आधी ते परत अंगावर आलं पाहिजे, आणि शेवटच्या माणसाचं बक्कल लागल्याशिवाय नांगर उचलू नये.

तुमचे अनुभव आणि मतभेद, दोन्ही लिहा.

---

निळाई

पूर्ण सहमत. आम्ही गेलो तेव्हा परतताना कुणीच घातलं नव्हतं आणि हे आत्ता वाचेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

---

पाणबुडा_पुणे

थोडा विरोध नोंदवतो. मी नेत्राणीला, अंदमानला, लक्षद्वीपला डायव्हिंग केलं आहे. प्रशिक्षित डायव्हर बोटीवर लाइफ जॅकेट घालून बसलेले फारसे दिसत नाहीत आणि त्याला कारण आहे. अंगात वेटसूट असतो, तो स्वतःच तरंगतो. पाठीवरच्या टाकीबरोबर बीसीडी (हवा भरता येणारं बंडीसारखं जॅकेट) असतं, बटण दाबलं की त्यात हवा भरते आणि माणूस वर राहतो. त्यावर आणखी फोमचं जॅकेट चढवलं तर पट्टे, नळ्या, वजनाचा बेल्ट या सगळ्यांचा गुंता होतो. मुरुडेश्वरहून नेत्राणीला जायला तास-दीड तास लागतो. एवढा वेळ उन्हात वेटसूटवर जॅकेट घालून बसलात तर उलट्या सुरू होतील.

पोहता न येणाऱ्या पर्यटकांसाठी नियम हवा, हे मान्य. पण सरसकट सगळ्या डायव्हिंग बोटींना एकच काठी नको.

---

खाडीकाठ

@पाणबुडा_पुणे, वेटसूट तरंगतो हे खरं. पण बीसीडीबद्दल दोन गोष्टी सांगते.

पहिली. बीसीडी पाण्याखाली तरंगण्याचा तोल सांभाळण्यासाठी असतं. त्यातली हवा पाठीला, कुशींना भरते. शुद्धीवरचा माणूस त्याच्या आधाराने वर राहतो, पण बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर राहील याची हमी ते देत नाही. पाठीवर पंखासारखी पिशवी असलेल्या प्रकारात तर माणूस पालथा पडण्याकडेच कल असतो. चांगल्या लाइफ जॅकेटचा फुगीरपणा छातीवर आणि मानेमागे असतो तो माणूस उताणा राहावा म्हणूनच. बोट उलटताना काठावर डोकं आपटणं ही अगदी सहज घडणारी गोष्ट आहे.

दुसरी. प्रवासात बीसीडी तुमच्या अंगावर असतं का? ते टाकीला जोडून रॅकवर उभं असतं. बोट कलंडली की तुम्ही एकीकडे आणि ते दुसरीकडे. मालवणच्या पर्यटकाच्या बाबतीत तर प्रश्नच येत नाही, टाकी त्याच्या पाठीवर पाण्यात उतरतानाच येते आणि वर येताना निघते.

वजनाच्या बेल्टचा मुद्दा मात्र तुम्ही बरोबर काढलात. तो प्रवासात कमरेला असताच कामा नये, जॅकेट असो वा नसो. आणि भरलेली टाकी पंधरा किलोच्या आसपास असते, ती बांधलेली नसेल तर बोट कलली की घरंगळत त्याच बाजूला जाते आणि कल वाढवते. बोटीत चढल्यावर टाक्या कशाने बांधल्या आहेत तेही बघा.

---

देवबागचो झील

मी देवबागचोच, बोटीर काम करतंय. ताईंचा म्हणणा खरा आसा. आता सगळ्यांना कळेल असं लिहितो.

परतीचं जॅकेट का राहतं ते सांगतो. एक, ते आधीच्या फेरीत भिजलेलं असतं. थंड, चिकट, वास मारतं, अंगावर घ्यायला नको वाटतं. दोन, गिऱ्हाईक म्हणतं 'आता तर किनारा दिसतोय'. तीन, आम्हाला पुढच्या फेरीची घाई असते. डिसेंबरात किनाऱ्यावर माणसं रांगेत उभी असतात. आम्ही सांगतो, दोनदा सांगतो, तिसऱ्यांदा सांगितलं तर साहेब चिडतात आणि ऑनलाइन वाईट शेरा लिहितात. बोटवाल्याला दोष द्यायचा तर द्या, पण ही बाजूपण लिहा.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे बोटी कर्ली खाडीच्या मुखातून बाहेर पडतात. खाडीचं पाणी आणि समुद्र भेटतात तिथे वाळूचा उंचवटा असतो आणि तो दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो. ओहोटीला खाडीचं पाणी जोरात बाहेर धावतं आणि समोरून लाट येते. दोघांची गाठ पडली की लाट आखूड होते, उभी राहते, फुटते. बाहेर जाताना लाट समोर दिसते, तिच्यावर नाळ धरता येते. परत येताना लाट मागून येते. ती बोटीचा मागचा भाग उचलते, इंजिनाचा पंखा पाण्याबाहेर येतो, सुकाणू ऐकत नाही आणि बोट आडवी फिरते. आडव्या बोटीवर दुसरी लाट आली की संपलं. म्हणून जुनी माणसं मुखाबाहेर थांबून लाटा मोजत आणि मग आत घेत.

म्हणजे जिथे जॅकेट सगळ्यात जास्त हवं, तिथेच ते ढिगात पडलेलं असतं. 'किनारा दिसतोय' म्हणणाऱ्याला हे कसं समजवायचं ते तुम्ही शिकलेल्यांनी सांगा.

---

पाणबुडा_पुणे

मागून येणाऱ्या लाटेचं हे मला माहीत नव्हतं. उघड्या लहान बोटी आणि खाडीचं मुख, इथे माझा विरोध मागे घेतो.

---

दर्बानस्थित

देवबागच्या मुखाचं वर्णन वाचून लिहावंसं वाटलं. मी दक्षिण आफ्रिकेत राहतो. डर्बनच्या दक्षिणेला उम्कोमास नावाचं गाव आहे, तिथून अलिवाल शोल या खडकाळ भागात डायव्हिंगला जातात, शार्क बघायला. बोटी नदीच्या मुखातूनच लाटा फोडत बाहेर पडतात. उत्तरेला सोडवाना बेला तर थेट वाळूवरून लाटांत ढकलतात.

तिथली पद्धत अशी. हवा भरलेल्या कडांची उघडी बोट असते. सगळे डायव्हर कडेवर बसतात, पाय तळाशी लावलेल्या पट्ट्यांत अडकवतात, दोरी धरतात आणि प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट असतं. कितीही अनुभवी डायव्हर असला तरी. फुटणाऱ्या लाटांची शेवटची ओळ मागे पडली की स्किपर सांगतो, आता काढा. मग जॅकेटं गोळा होतात आणि डायव्हिंगचं सामान अंगावर चढतं.

वेटसूटवर जॅकेट चढवता येतं, काढता येतं, त्याने कुणाचं डायव्हिंग बिघडत नाही. हे मी स्वतः केलेलं आहे म्हणून खात्रीने सांगतो. मात्र ते साधं, सुटसुटीत, पुढून दोन बक्कलांचं जॅकेट असतं. ज्याचे पट्टे सोडवायला मदतनीस लागतो असं नव्हे.

---

जुना_खलाशी

मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं, आता निवृत्त. विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून जरा लांब लिहितो.

दर्बानस्थित सांगतात ती पद्धत अमेरिकेत छोट्या प्रवासी बोटींच्या नियमातच आहे. धोक्याचा उथळ मुखाजवळचा भाग ओलांडताना, हवामान बिघडल्यावर, बोटीत पाणी शिरल्यावर कप्तानाने प्रवाशांना जॅकेट घालायला लावलंच पाहिजे. नुसतं 'जॅकेटं तिकडे आहेत' म्हणून भागत नाही. २००३ च्या जूनमध्ये ओरेगॉनच्या टिलामूक खाडीच्या मुखावर 'टाकी टू' नावाची मासेमारीसाठी सहलीला नेणारी बोट उलटली. १९ जण होते, ११ गेले. जॅकेटं बोटीवर होती, पण मुख ओलांडताना प्रवाशांना घालायला लावली नव्हती. तिथल्या परिवहन सुरक्षा मंडळाने चौकशीत यावर बोट ठेवलं.

आकडा हवा असेल तर हाही घ्या. अमेरिकेचं तटरक्षक दल दरवर्षी हौशी बोटींच्या अपघातांचा अहवाल काढतं. २०२३ च्या अहवालात, ज्यांच्या मृत्यूचं कारण कळलं त्यातले तीनचतुर्थांश बुडून गेले होते, आणि बुडालेल्यांपैकी ८७ टक्के लोकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं.

लोकांना वाटतं, बोट उलटल्यावर हात घालून जॅकेट घेऊ. मी सरावात पोहणाऱ्या तरण्याताठ्या पोरांना पाण्यात जॅकेट चढवायला लावलेलं आहे. शांत तलावात, कुणी घाबरलेलं नसताना, तेसुद्धा धडपडतात. जॅकेट वर जातं, पट्टा सापडत नाही. ज्याला पोहता येत नाही आणि ज्याच्या गळ्यात दुसरा घाबरलेला माणूस पडला आहे त्याला ते जमणार नाही.

आता जॅकेटाबद्दल. त्याची तरंगण्याची ताकद न्यूटनमध्ये मोजतात. ५० न्यूटनचं म्हणजे पोहता येणाऱ्यासाठी, मदत जवळ असताना, नुसता आधार. ते बेशुद्ध माणसाला उताणं करत नाही. १०० चं शांत पाण्यासाठी, १५० चं खुल्या समुद्रासाठी. पाण्यात माणसाचं वजन इतकं कमी होतं की डोकं वर ठेवायला पाचेक किलोचा आधारही पुरतो. प्रश्न लाटांचा आणि शुद्धीचा असतो. पाण्याच्या खेळांसाठी मिळणारी रंगीत, पातळ बंडीसारखी जॅकेटं बहुतेक ५० ची असतात. आतल्या बाजूला शिक्का असतो, वाचा. शिक्काच नसेल तर समजून जा.

फोम दाबून बघा. ज्या जॅकेटावर बसतात, ज्याची उशी करतात, त्याचा फोम चेपून बसतो आणि मग ते नावालाच राहतं. पट्टे आवळल्यावर दुसऱ्या कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर खेचायला सांगा. हनुवटी-कानापर्यंत वर आलं तर सैल आहे, पाण्यात डोक्यावरून निघून जाईल.

---

अनुची_आई

काका, मुलांचं काय? माझी मुलगी सहा वर्षांची. ती स्कुबा करणार नाही, पण आम्ही खाली जाऊ तेव्हा बोटीत बसेल. मागच्या वेळी एका ठिकाणी तिला मोठ्यांचंच जॅकेट घालून 'हात घट्ट दाबून बस' असं सांगितलं होतं.

---

जुना_खलाशी

मोठ्यांचं जॅकेट मुलाला देणं म्हणजे न देण्यासारखंच. मूल पाण्यात पडलं की जॅकेट वर जातं आणि मूल खालून निसटतं. मुलांची जॅकेटं वजनावर असतात, वयावर नव्हे. मांड्यांमधून घ्यायचा पट्टा असलेलंच घ्या, मानेमागे तरंगणारी कॉलर आणि वर उचलायला मुठीत येईल असा पट्टा हवा. शिट्टी बांधलेली असू द्या आणि ती वाजवायला घरी शिकवा.

आणि तुम्ही दोघं एका वेळी खाली जाऊ नका. एकाने बोटीत मुलीजवळ बसा, स्वतः जॅकेट घालून.

---

वाटसरू_७

जॅकेट घातल्यावर माणसं निष्काळजी होतात, जास्त भरतात बोटीत. मूळ रोग जादा माणसांचा आहे. वडोदऱ्याच्या हरणी तलावात जानेवारी २०२४ मध्ये बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, तिथे बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं कोंबली होती. त्यावर बोला.

---

खाडीकाठ

जादा माणसं हा मोठा रोग आहे, मान्यच. पण हरणीला बहुतेक मुलांना जॅकेटंही दिलेली नव्हती. दोन्ही रोग एकाच बोटीत असतात, कारण जिथे माणसं मोजत नाहीत तिथे जॅकेटंही मोजत नाहीत. जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर हवंच असा आग्रह धरलात तर जॅकेटं संपली की माणसं घेणं थांबवावं लागतं. पर्यटकाच्या हातात मोजायला एवढं एकच साधन आहे.

गोव्याचंही सांगते. २५ डिसेंबर २०२४ ला कळंगुटला किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पर्यटकांची बोट उलटली. आपल्या खेडचं एक मोठं कुटुंब त्यात होतं. एक जण गेला, वीस वाचले. दोघं सोडून सगळ्यांच्या अंगावर जॅकेटं होती असं जीवरक्षकांकडून सांगण्यात आलं. त्याआधी आठवडाभर मुंबईत घारापुरीच्या वाटेवर 'नीलकमल' ही प्रवासी बोट बुडाली होती आणि तिथे बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. त्यानंतर गेटवेवर जॅकेट घातल्याशिवाय बोटीत चढू द्यायचं नाही असं ठरलं. माणसं मरायच्या आधी हे ठरवायला काय हरकत होती, हा प्रश्न मला अजून झोपू देत नाही.

---

पाणबुडा_पुणे

एक खरा अपवाद मात्र चर्चेत यायलाच हवा. बंदिस्त बोट. नोव्हेंबर २०२४ मध्ये इजिप्तजवळ तांबड्या समुद्रात 'सी स्टोरी' ही डायव्हरांची मुक्कामी बोट पहाटे उलटली. ४६ जण होते, ३५ वाचले. कित्येक जण आत खोल्यांत अडकले, काही जण तर दुसऱ्या दिवशी उलट्या बोटीच्या आतून जिवंत काढले. तिथे फोमचं जॅकेट अंगात असतं तर ते माणसाला आतल्या छताला चिकटवून ठेवतं, खाली बुडी मारून दारातून बाहेर पडू देत नाही. म्हणून बंद जागेत जॅकेट हाताशी ठेवायचं आणि बाहेर आल्यावर घालायचं. पाणी लागताच आपोआप फुगणारं जॅकेट तर आत असताना अजिबात नको.

---

जुना_खलाशी

अगदी बरोबर, आणि याचं एक टोक मालवणपर्यंत येतं. उन्हासाठी बोटींवर जे छप्पर आणि बाजूंना जे पडदे लावतात, ते बोट उलटली की पिंजरा होतात. १९९९ मध्ये अमेरिकेत आर्कान्सॉमध्ये एका तलावात 'मिस मॅजेस्टिक' ही पर्यटकांची जमीन-पाणी दोन्हीवर चालणारी गाडी बुडाली, २१ पैकी १३ गेले. बरेच जण छताच्या कापडाखाली अडकले होते. तेव्हा खोल्यांच्या बोटीत जॅकेट हाताशी. उघड्या बोटीत अंगावर. छप्पर असलेल्या उघड्या बोटीत अंगावर, पण बाजूचे पडदे गुंडाळलेले आणि शक्यतो कडेची जागा.

---

निळाई

पण मग कपडे कधी बदलायचे? ओल्या अंगावर जॅकेट, गार वारा, बायकांची अडचण होते.

---

खाडीकाठ

कपडे बोटीत बदलूच नयेत. बोट हलत असताना उभं राहून, एका पायावर तोल सांभाळत, डोकं कपड्यात अडकलेलं असताना काय होऊ शकतं याचा विचार करा. वेटसूट किनाऱ्यावर उतरल्यावर काढायचा, तो थंडीही अडवतो. त्यावर जॅकेट घातलं की वारा लागत नाही. बदलायला किनाऱ्यावर धड खोली हवी. पैसे घेणाऱ्यांकडे ती मागितली पाहिजे आणि मी दर वेळी मागते.

आणखी एक. पाण्यातून कुणी वर आलं की सगळी बोट त्या बाजूला फोटो काढायला धावते. कृपा करून जागेवर बसा. शिडी ज्या बाजूला आहे तिथे मदतनीस आणि टाकीसकट माणूस, एवढं वजन आधीच असतं.

---

देवबागचो झील

इथलं सगळं आमच्या तांडेलाला (बोट चालवणाऱ्या प्रमुखाला) वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'ढीग करतात तां पयला बंद कर.' म्हणून काल छपराच्या पाइपाला दोरी ताणली आणि हुक लावले. प्रत्येक जॅकेटावर पांढऱ्या रंगाने नंबर टाकला. पाण्यात जाणाऱ्याने काढलं की स्वतःच्या नंबराच्या हुकावर लावायचं. दोन फायदे झाले. वाऱ्याने थोडं सुकतं, आणि हुकावर जॅकेट लटकलेलं दिसलं म्हणजे एक तर कुणी पाण्यात आहे किंवा कुणी घातलेलं नाही. निघायच्या आधी दोरी रिकामी दिसली पाहिजे. डोकी मोजायला वेगळी माणसं लागत नाहीत.

गिऱ्हाइकांना आता निघायच्या आधीच सांगतो, परतताना मुखावर लाट मागून येते, जॅकेट घालणार नसाल तर पैसे परत घ्या. आज एक जण कुरकुरला, पण त्याच्या बायकोनेच त्याला घालायला लावलं.

आम्ही पोरंपण घालतोय. काम करताना फोमचं नडतं हे खरं, पण आम्ही उघडे बसलो तर दुसऱ्याला काय सांगणार?

---

दर्बानस्थित

हुकांची कल्पना फार चांगली. खलाशांसाठी कमरेला बांधायचे, दोरी ओढली की फुगणारे पट्टे मिळतात, ते कामात आड येत नाहीत. फक्त गॅसची नळी वापरलेली नाही ना आणि घट्ट बसली आहे ना, हे नियमित बघावं लागतं.

---

अनुची_आई

@देवबागचो झील, आम्ही पुढच्या आठवड्यात येतोय. तुमच्याकडे लहान मुलांची जॅकेटं आहेत का? आणि सकाळी किती वाजता निघावं?

---

देवबागचो झील

ताई, लहान मापाची दोनच आहेत आणि ती जरा जुनी झालीत. मुलीचं वजन बघून घरूनच आणा, किनाऱ्यावर घालून खेचून बघू. वेळ आत्ता सांगत नाही. आदल्या रात्री भरती-ओहोटी बघून कळवतो, परत येताना मुखावर भरतीचं पाणी असेल अशी फेरी धरू.